मेन राज्यातील एटीव्ही नोंदणी शुल्क : वाटांची देखभाल आणि जमीनमालकांची संमती

प्रस्तावना :
अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्याची बहुतांश भूमी जंगलव्याप्त असून ती प्रामुख्याने खासगी मालकीची आहे. ओबडधोबड जमिनीवर धावणारी, रुंद टायरांची ‘ऑल टेरेन व्हेइकल’ अर्थात एटीव्ही ही वाहने तेथे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. त्यांच्या वाटा साहजिकच कोणाच्या तरी शेतातून, कुरणातून वा जंगलातून जातात. या वाहनांच्या नोंदणी शुल्कातून वाटांना व जमीनमालकांना कोणते साहाय्य मिळते आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शुल्काचा विनियोग :
राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडे एटीव्हीची दरवर्षी नोंदणी करावी लागते. या शुल्काचा काही भाग कायद्याच्या अंमलबजावणीसाठी, तर काही भाग वाटांच्या व्यवस्थापन निधीत जातो. पेट्रोल करातील अल्प हिस्साही या निधीस मिळतो. कारण रस्त्यांसाठी आकारलेला हा कर रस्त्याबाहेर धावणारे वाहनचालकही भरतात. निधीतून स्थानिक क्लब व नगरपालिकांना अनुदाने दिली जातात. त्यांतून लहान पूल, पाण्याच्या निचऱ्याच्या मोऱ्या, दिशाफलक व धूप झालेल्या वाटांची दुरुस्ती ही कामे होतात. प्रत्यक्ष श्रम बहुधा क्लबचे स्वयंसेवक करतात.

जमीनमालकांचे हित :
जमीनमालकास सामान्यतः भाडे दिले जात नाही. यामागे कायदेशीर कारण आहे. मनोरंजनासाठी जमीन विनामूल्य खुली ठेवणाऱ्या मालकास तेथील अपघाताच्या दायित्वापासून राज्याचा कायदा व्यापक संरक्षण देतो. जमिनीचा वापर मुख्यत्वे व्यावसायिक झाल्यास मात्र ते धोक्यात येते. म्हणून मालकाचा लाभ रोख रकमेपेक्षा सेवेच्या रूपाने होतो : वाट आखलेली राहते, वाहने पिकात शिरत नाहीत, नुकसान झाल्यास दुरुस्ती होते आणि तक्रार ऐकण्यास जबाबदार यंत्रणा असते. वसंत ऋतूत बर्फ वितळून जमीन चिखलमय होते, तेव्हा वाटा बंद ठेवल्या जातात, हेही याच व्यवस्थेचे अंग होय.

व्यवस्थेची मर्यादा :
नोंदणी म्हणजे परक्या जमिनीवर जाण्याचा परवाना नव्हे. परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवर एटीव्ही चालविणे बेकायदेशीर असून पिकाखालील जमीन, कुरणे व फळबागा यांसाठी अधिक कडक नियम आहेत. एका मालकाने संमती काढून घेतली, तर अनेक मैलांची सलग वाट मध्येच तुटते. वाहने वर्षानुवर्षे अधिक रुंद व जड होत गेल्याने हा प्रश्न तीव्र झाला. २०१९ मध्ये राज्यपालांनी यासाठी कार्यदल नेमले. त्यानंतर ६५ इंचांहून रुंद वा २००० पौंडांहून जड वाहनांवर बंधने आली.

निष्कर्ष :
नोंदणी शुल्क जमीनमालकाची संमती विकत घेत नाही. ती टिकविण्याची साधने पुरविते. वाटेची डागडुजी, नियमांची अंमलबजावणी आणि चालकांचे वर्तन या तिन्ही गोष्टी मालकास समाधानकारक वाटतील, तोवरच वाट खुली राहते. यांपैकी पहिल्या दोन शुल्कातून साधता येतात. तिसरी मात्र चालकांच्याच हाती आहे.