खेळाच्या यंत्रास ताप का चढतो?

उन्हाळ्याच्या सुटीत खेळाचे यंत्र, ज्यास आपण ‘गेम कन्सोल’ म्हणतो, ते एकाएकी घरघरू लागते आणि रंगात आलेला डाव अर्ध्यावर टाकून बंद पडते, हा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. यंत्र बिघडले असे समजून आपण हळहळतो. वस्तुतः ते स्वतःस वाचवीत असते.

यंत्रात शिरलेली वीज जाते कोठे? ‘प्लेस्टेशन ५’ मोठा खेळ चालू असता सुमारे २०० वॅट वीज घेते. म्हणजे पूर्वीच्या १०० वॅटच्या दोन दिव्यांइतकी. तिची जवळजवळ सर्व उष्णताच होते. ही उष्णता धातूच्या पातळ पत्र्यांत पसरते आणि आतील पंखा त्यांवरून वारा खेळवून ती बाहेर टाकतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून आतील पाणी भोवतालच्या हवेहून थंड होते. पंख्यास हे साधत नाही. तो खोलीतील हवाच आत घेतो. यास्तव चालू यंत्र त्या हवेहून थंड राहूच शकत नाही. सोनी कंपनीच्या सूचनेनुसार हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे. आपल्या सुरतेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो, आणि इच्छापोरातील पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहूनही तापते.

उष्णता किती महाग पडते, याचे उदाहरण ‘एक्सबॉक्स ३६०’ या यंत्राचे. वारंवार तापून निवल्याने त्यातील सूक्ष्म जोड तडकत, दर्शनी भागावर तांबडे दिवे उमटत आणि यंत्र निकामी होई. अखेर २००७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीस अशा बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांची करावी लागली व त्यापायी १०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढावी लागली.

मग आपण काय करावे? काचेच्या बंद कपाटात यंत्र ठेवू नये. तेथे बाहेर टाकलेली ऊन हवाच पुन्हा आत शिरते. भिंतीपासून ते किमान १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, दूर असावे. गादीवर ठेवल्यास हवेची भोके बुजतात. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून आईने हौसेने विणलेला रुमाल यंत्र बंद असतानाच घालावा. भोकांवरील धूळ मधून मधून, वायर काढून, व्हॅक्यूम क्लीनरच्या हलक्या ओढीने काढावी. ओले फडके वा बर्फ मात्र कदापि ठेवू नये. पाणी व वीज यांचे सख्य नाही. तापल्याची सूचना पडद्यावर दिसताच खेळ थांबवावा व यंत्र पूर्ण निवू द्यावे.

वडिलांनी महिनोन् महिने पैसे साठवून आणलेली ही वस्तू आहे. भर दुपारी तिला विसावा द्यावा. डाव संध्याकाळीही मांडता येतो.