परक्याचा वकील : सखाराम गणेश पंडित यांचा खटला

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

आपल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची गाड्या भरभरून परराज्यांत जाते. ती देशाबाहेर पाठवायची म्हटली तर काय काय लागतं, हे इथल्या व्यापाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आयात-निर्यात क्रमांक हवा, मालाला रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र हवं, बिलं हवीत, बँकेची कागदपत्रं हवीत. एक कागद कमी पडला की माल बंदरावर अडतो आणि सडतो. नुकसान होतं, पण ते मोजता येतं. माणूस असाच सीमेवर अडला तर काय होतं, आणि त्याच्या बाजूनं बोलायला कोण उभं राहतं, हा आजचा विषय आहे. आयोजकांनी आम्हाला ‘परदेशी नागरिक आणि कायदेशीर मदत’ असं मोठं शीर्षक दिलं होतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. त्यामुळे कलमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एका माणसाची गोष्ट सांगतो. कलमं वाटेत येतीलच.

त्या माणसाचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या ओळखीचं वाटतं, नाही का? जन्म १८७५चा, अहमदाबादचा. १९०६ साली हे गृहस्थ अमेरिकेत गेले आणि तिथे भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देऊ लागले. म्हणजे आमच्याच धंद्यातले! १९१४ साली लॉस एंजलिसच्या न्यायालयानं त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१७ साली कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली. त्या राज्यात तेव्हा वकील व्हायला नागरिक असणं आवश्यक होतं. हा दुवा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेचा त्या वेळचा कायदा पाहू. १७९०च्या कायद्यानं नागरिकत्वाचं दार फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडं ठेवलं होतं. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. मग आशियातला माणूस कुठे बसवायचा? कुठेच नाही. त्याला एकच वाट उरली, ती म्हणजे ‘मी गोरा आहे’ हे कोर्टात सिद्ध करणं. काही न्यायाधीश ते मान्य करत, काही करत नसत. पंडितांच्या न्यायाधीशानं मान्य केलं.

भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी शीख तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना नागरिकत्व मिळालं, काही दिवसांत काढून घेतलं गेलं आणि १९२० साली ऑरेगनमध्ये पुन्हा मिळालं. सरकारनं त्याविरुद्ध वर दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि थिंद यांच्या बाजूच्या वकिलांमध्ये आपले पंडित होते.

त्यांनी युक्तिवाद काय केला? इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. मांडणी अशी होती: वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना ‘कॉकेशियन’ मानतात, थिंद आर्य आहेत, उच्च जातीचे आहेत. आणि उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींशी लग्नसंबंधाकडे ज्या नजरेनं पाहतो, त्याच नजरेनं गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे पाहतो! म्हणजे ‘आम्हाला आत घ्या, कारण आम्हीही तुमच्यासारखेच दुसऱ्यांना बाहेर ठेवतो.’ मंडळी, हा युक्तिवाद वाचताना आमची मान खाली जाते. याच १९२३ साली बाबासाहेब आंबेडकर लंडनहून उच्च पदव्या घेऊन परत आले. तेही आधी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले होते. एक भारतीय वकील अमेरिकेच्या कोर्टात जात हे पात्रतेचं प्रमाणपत्र म्हणून पुढे करत होता आणि दुसरा तीच जात मोडायला मुंबईत उभा राहत होता.

कुणी म्हणेल, सर, वकिलानं अशिलासाठी जो दरवाजा आहे तोच ढकलायचा ना? खरं आहे. कायद्यानं एकच दार ठेवलं होतं आणि त्यावर ‘गोरा’ असं लिहिलेलं होतं. पंडितांनी ते ढकललं. पण अशा दारातून आत जाणारा दाराची चौकट आणखी पक्की करून जातो, एवढं आम्हाला म्हणायचं आहे.

बरं, एवढं करून दार उघडलं का? नाही. तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयानं टाकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला ‘गोरा म्हणजे कॉकेशियन, तुम्ही कॉकेशियन नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी थिंद प्रकरणात सांगितलं की कॉकेशियन असणं पुरेसं नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. जपानी माणसापुढे शास्त्र आणि शास्त्र घेऊन आलेल्या भारतीयापुढे सामान्य माणूस! तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षं देत आलो. मधेच व्याख्या बदलली की कुठलाही निष्कर्ष काढता येतो.

या निकालानंतर सरकारनं आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांवर दावे लावायला सुरुवात केली. ‘तुम्हाला दिलेलं नागरिकत्व मुळातच बेकायदा होतं,’ असा दावा. त्यात पंडितांचाही नंबर आला. काल दुसऱ्याचा खटला लढणारा वकील आज स्वतः प्रतिवादी. आता तो मघाचा दुवा जोडा: नागरिकत्व गेलं की वकिलीचा आधार गेला. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घेण्याची बंदी होती, म्हणजे मालमत्तेचाही प्रश्न. आणि त्यांची पत्नी अमेरिकन होती. त्या वेळच्या कायद्यानं, नागरिकत्वाला अपात्र परक्याशी लग्न केलेल्या स्त्रीचं स्वतःचं नागरिकत्वही जात असे. म्हणजे तिच्याच देशात ती बिनदेशाची होणार.

या वेळी पंडितांनी युक्तिवाद बदलला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. मी आर्य आहे, मी गोरा आहे, हे सगळं बाजूला ठेवून ते म्हणाले: १९१४ साली तुमच्या न्यायालयानं माझा प्रश्न तपासला आणि निकाल दिला. तुम्हाला अपिलाची संधी होती, तुम्ही अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी वकील झालो, मालमत्ता घेतली, लग्न केलं. आता नऊ वर्षांनी तुम्ही शब्द फिरवू शकत नाही.

यात दोन तत्त्वं आहेत, ती वेगवेगळी समजून घेऊ. समजा, शेजाऱ्यानं तुम्हाला बांध दाखवला आणि म्हणाला, ‘इथपर्यंत तुमचं.’ तुम्ही त्यावर विश्वास ठेवून कर्ज काढून विहीर खणली. तो मुकाट पाहत राहिला. पाणी लागल्यावर म्हणतो, ‘ही जागा माझी.’ कायदा त्याला म्हणतो, आता तुझं तोंड बंद. इंग्रजी कायद्यात याला इस्टॉपेल म्हणतात. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात ते कलम ११५ होतं. दुसरं तत्त्व असं की ज्या प्रश्नाचा निकाल सक्षम न्यायालयानं एकदा दिला, तो त्याच पक्षांनी पुन्हा उकरायचा नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हे कलम ११. पण हे काही साहेबानं आणलेलं नाही बरं. आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: दावा कबूल करणं, नाकारणं, कबूल करून वेगळं कारण सांगणं आणि चौथा ‘प्राङ्न्याय’, म्हणजे ‘याचा न्याय पूर्वीच झाला आहे’ असं सांगणं. मिताक्षरेत हे आहे, आणि मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला होते. आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरच की! पंडितांनी लॉस एंजलिसला दिलेलं उत्तर या चौथ्या प्रकारात बसतं.

खालच्या न्यायालयात न्यायाधीश मॅक्कॉर्मिक यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १९२६ साली वरच्या अपील न्यायालयानं तो कायम केला, मुख्यतः ‘निकाल आधीच झाला आहे’ या मुद्द्यावर. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायलाही नकार दिला. त्यानंतर सरकारनं इतर भारतीयांवरचे असे उरलेले दावे सोडून दिले. जातीच्या युक्तिवादानं एकालाही वाचवता आलं नव्हतं. ‘दिलेला शब्द पाळा’ या युक्तिवादानं पंडित वाचले आणि ज्यांचे दावे अजून उभे होते तेही वाचले.

सगळे मात्र नाहीत. वैष्णो दास बगई हे सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार. १९१५ साली बायको-मुलांसह गेलेले, १९२१ साली नागरिक झालेले. त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. हिंदुस्थानात जाऊन यायचं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना आणि ब्रिटिश पासपोर्ट घ्यायची त्यांची तयारी नव्हती. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी कारण लिहिलं होतं. ती तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली. पंडितांचा निकाल तोवर लागलेला होता, पण बगईंना तो उपयोगी पडला नाही. थिंद यांना अखेर १९३६ साली, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं. सर्व भारतीयांसाठी दार उघडलं ते १९४६ साली.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९५ साली चिरशांतीवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात की परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे, यजमानाचा उपकार नव्हे. तिथे कायमचं राहण्याचा हक्क मात्र ते देत नाहीत, त्याला वेगळा करार लागतो म्हणतात. आपली राज्यघटना साधारण याच वाटेनं गेली आहे. कलम १९मधली स्वातंत्र्यं नागरिकांना आहेत, पण कलम १४ची समानता आणि कलम २१चं जीवित व स्वातंत्र्य ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. म्हणूनच चंद्रिमा दास प्रकरणात, २००० साली, हावडा स्टेशनच्या आवारात अत्याचार झालेल्या बांगलादेशी स्त्रीला भरपाई देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ती आपली नागरिक नसली तरी कलम २१ तिचंही आहे.

कंपन्यांचं काय? कंपन्यांना वकिलांची ददात नसते. उलट वकीलच कोण असावा यावर भांडण होतं. परदेशी वकिली संस्थांनी इथे कार्यालयं थाटावीत का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात १९९५ पासून चालला. २००९ साली निकाल लागला की भारतात सनद नसलेल्यानं कोर्टातली वा कोर्टाबाहेरची वकिली करायची नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला, फक्त आपल्या देशाच्या कायद्याबद्दल अशिलाला सल्ला देण्यापुरतं अधूनमधून यायला हरकत नाही म्हटलं. गंमत बघा, इथे वकीलच परका ठरला.

आता आपल्या घरचं बोलू. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आखातात नोकरीला निघाला. एजंटानं दिलेले कागद घेऊन बाप आमच्याकडे आला. ‘सर, इंग्रजीत आहे, जरा बघा.’ आम्ही पाहिलं. शिक्का होता, सही होती, भाषा रुबाबदार होती. ‘ठीक दिसतंय,’ म्हणालो. व्हिसा नोकरीचा नसून भेटीचा आहे, हे त्यात स्पष्ट छापलेलं होतं. आम्ही ते वाचलं, पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. पोरगा तिथे लपूनछपून काम करत राहिला, मजुरी बुडाली, तीन महिन्यांनी परत आला. जमिनीवर काढलेलं कर्ज अजून फिटतंय. तो बाप आजही आम्हाला वाकून नमस्कार करतो, ते आम्हाला सहन होत नाही.

म्हणून, तेव्हा काय पाहायला हवं होतं ते सांगतो. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि तो नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. त्याला घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी. त्यापेक्षा जास्त मागितले की तिथेच उठावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असतो. त्यांना आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, म्हणजे निदान एकदा तरी कुणीतरी करार तपासतो. आमच्या विद्यार्थ्याचा मुलगा बारावी झालेला. शेरा नाही, म्हणून तपासणीही नाही. शिकलेला म्हणून त्याला संरक्षणाची गरज नाही, असं कायद्यानं धरलं, आणि आम्हीही तसंच धरलं.

आणखी एक. ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ अशी पाटी लावलेला माणूस वकील असतोच असं नाही. १९६१च्या अधिवक्ता कायद्याखाली सनद असलेलाच वकील. त्यानं चूक केली तर बार कौन्सिलकडे जाता येतं. पाटीवाल्यानं चूक केली तर आधी त्याला शोधावं लागतं.

पैसे नसतील तर? १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करीला बळी पडलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा फोन क्रमांक आहे, लिहून घ्या.

व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, की सर, पंडितांनी आपला पहिला युक्तिवाद चुकला असं कधी म्हटलं का? आम्ही त्यांना सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या खटल्यात त्यांनी तो पुन्हा वापरला नाही, यातून आम्ही जे समजायचं ते समजतो. ताईंचं समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, ‘वापरला नाही, कारण तो हरला होता.’ तेही खरं असू शकेल. यानंतर चहा आला.