बेरिंगच्या सामुद्रधुनीतले पाणी कसे मोजतात?

ओढ्यातून किती पाणी वाहते हे काढायचे असेल तर त्याची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो. समुद्रालाही हाच हिशेब लागू पडतो. अडचण असते ती वेगाची.

आशिया व अमेरिका या खंडांमधील बेरिंगची सामुद्रधुनी सुमारे ८५ किलोमीटर रुंद आणि अवघी ५० मीटर खोल आहे. पॅसिफिकच्या पाण्याला आर्क्टिक महासागरात शिरायला ही एकच वाट आहे. पॅसिफिकची पातळी किंचित उंच असल्याने प्रवाह सामान्यतः उत्तरेकडे वाहतो. परंतु वारा बहुधा उत्तरेकडून येतो; तो प्रवाहाला अडवतो, कधी उलटाही फिरवतो. म्हणून एखाद्या दिवशी जहाजातून जाऊन केलेले मोजमाप पुरत नाही. हिवाळ्यात तर बर्फामुळे तेथे राहणेही कठीण.

यावर उपाय म्हणजे उपकरणच वर्षभर पाण्यात ठेवणे. तळाशी जड नांगर, त्याला बांधलेल्या साखळीवर उपकरणे आणि ती उभी राहावी म्हणून वर तरंगणारे गोळे. बर्फाचे सुळके पाण्यात खोलवर उतरतात, म्हणून सारी मांडणी पृष्ठभागाच्या बरीच खाली ठेवतात. उपकरण पाण्यात ध्वनी सोडते. वाहत्या सूक्ष्म कणांवरून तो परत येतो तेव्हा त्याचा सूर बदललेला असतो. आगगाडी जवळ येताना शिटी चढी आणि दूर जाताना उतरलेली वाटते, त्यातलाच हा प्रकार. सुराच्या फरकावरून वेग कळतो.

पुढच्या उन्हाळ्यात जहाज येऊन ध्वनीचा संकेत देते. खालचा आकडा सुटतो, नांगर तळाशीच राहतो आणि उपकरणे वर येतात. आकडा अडकला किंवा बर्फाने साखळी ओढून नेली, तर वर्षाची नोंद बुडाली! गेलेले वर्ष पुन्हा मोजता येत नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९० पासून हे काम जवळजवळ अखंड चालविले आहे. सरासरी वेग सेकंदाला पाव मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याहूनही कमी. तरी गुणाकार केला की सेकंदाला सुमारे दहा लाख घनमीटर पाणी भरते. २००१ मध्ये हा आकडा सुमारे सात लाख होता, २०११ मध्ये अकरा लाखांच्या आसपास गेला. या पाण्याबरोबर उष्णताही उत्तरेला जाते आणि बर्फ वितळण्यास हातभार लावते.

एका वर्षाच्या आकड्यावरून ही वाढ कोणालाच दिसली नसती. दरवर्षी त्याच जागी नांगर टाकणाऱ्यांच्या चिकाटीमुळेच ती जगाला कळली.