भाकरीसोबत काय सुटते?

आपल्या शाळेचे पहिले विद्यार्थी आता पन्नाशीत आहेत. मधुमेह आणि स्थूलता यांच्या भयाने त्यांच्यापैकी काहींनी भात-भाकरी वर्ज्य करून तूप, लोणी, पनीर, मांस यांवर भिस्त ठेवणारा आहार पत्करला आहे. या आहाराची चर्चा बहुधा वजनाच्या काट्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ताटातून पिष्ट गेले, त्याच्यासोबत आणखी काय गेले, हे क्वचितच विचारले जाते.

हा आहार नवा नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचविला व त्यास 'कीटोजेनिक' हे नाव दिले. पिष्ट अत्यल्प झाले की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते आणि मेंदू बराचसा त्यांवर चालू लागतो. अपस्मार असलेल्या मुलांना आजही हा आहार देतात. मात्र सोबत जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम पूरक म्हणून द्यावेच लागतात. तरीही बद्धकोष्ठ, मुतखडा, वाढ मंदावणे यांकडे वैद्यांना लक्ष ठेवावे लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून बोलका वाटतो तो १९२८ चा प्रयोग. उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांमध्ये अनेक वर्षे राहिलेले संशोधक स्टीफन्सन आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस खाल्ले. (प्रयोगास मांस-व्यावसायिकांच्या संस्थेचे अर्थसाहाय्य होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.) प्रारंभी स्टीफन्सन यांना चरबीविरहित मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले, चरबी वाढविताच ते सावरले. दोघांनाही स्कर्व्ही झाला नाही. पण त्यांच्या ताटात केवळ मांसाचे लुसलुशीत तुकडे नव्हते. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, अस्थिमज्जा हे सारे होते. कॅल्शियम मात्र त्यांनाही फारच थोडे मिळत होते.

म्हणजे प्राणिज आहाराने तग धरलेली माणसे प्राण्याचे बहुतेक सर्व भाग खात. आपल्याकडे काळीज, वजडी, मुंडी, रक्ती या पदार्थांना प्रतिष्ठित स्वयंपाकघरांनी कमी लेखले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, म्हणून तिचा निदान लेखी पुरावा राहिला. काळजात लोह, फोलेट, बी-१२ आणि अ जीवनसत्त्व विपुल असते. आठवड्यातून एकदा थोडे पुरे. गरोदर स्त्रियांनी तर अ जीवनसत्त्वाच्या आधिक्यामुळे ते टाळावे.

आता भाकरीचा हिशेब. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट असते. कीटोजेनिक आहारात दिवसाची मर्यादा साधारण ५० ग्रॅमच्या आत. तेव्हा भाकरी सुटणारच. पण तिच्यासोबत सुमारे १० ग्रॅम तंतू सुटतात, मॅग्नेशियम सुटते. डाळ गेली की फोलेट जाते, फळे गेली की क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. तुपाचा चमचा यांपैकी काहीही भरून देत नाही. ती भर मेथी, पालक, अंबाडी, शेवग्याचा पाला यांनी घालावी लागते, आणि तीही चवीपुरती नव्हे, ताटभर. न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर आहे. जवस आणि कारळ्याची चटणी तंतू देते. लिंबू-आवळा क जीवनसत्त्व देतात. काट्यासह खाता येणारे छोटे मासे आणि अंडी तर उत्तमच. स्निग्धांश केवळ लोणी-पनीरातून घेण्यापेक्षा शेंगदाणे, तीळ, मासे यांतून घ्यावा. सारी मदार तुपा-लोण्यावर ठेवल्यास काहींच्या रक्तातील घातक कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढते.

पहिल्या आठवड्यातील डोकेदुखी आणि पायांचे गोळे यांना लोक अशक्तपणा समजतात. वास्तविक पिष्ट घटल्यावर इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे पाण्यासोबत मीठही बाहेर टाकतात. ज्यांना मीठ वर्ज्य नाही त्यांनी हाडांचे खारे सूप घ्यावे. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींना तर हे अधिकच लागू आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलता पिष्ट सोडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ज्यांच्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे, त्यांच्या रक्तात या आहाराने आम्लता साचण्याचा संभव असतो. उलटी, पोटदुखी किंवा धाप दिसताच, साखर मापात असली तरी, रुग्णालय गाठावे.