पिचरचा कोपर

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ करायला मनाई आहे. बेसबॉलचा पिचर मात्र चेंडू फेकतोच, आणि त्याची कारकीर्द बहुधा कोपरावरच ठरते.

दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून तो साडेसाठ फूट अंतरावर फेकतो. पुढचा पाय टेकतो, कंबर वळते, मग खांदा वळतो. चेंडूचा हात अजून मागेच, कोपरात वाकलेला असतो. खांद्याने तो पुढे ओढला की कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला आवरून धरतं ते दंडाचं हाड आणि करंगळीकडचं हाड बांधणारं एक छोटंसं लिगामेंट. वर्षानुवर्षांच्या फेकीने ते झिजत जातं आणि एक दिवस तुटतं.

१७ जुलै १९७४ रोजी ते टॉमी जॉनचं तुटलं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर तेव्हा ऐन भरात होता: मोसमात त्याच्या नावावर १३ विजय, ३ पराभव. हे लिगामेंट तुटलेला पिचर तोवर मैदानात परतत नसे. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा आत वाकवा; मधोमध दोरीसारखी वर येते ती हीच कंडरा. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणून ती काढता येते. दोन्ही हाडांना भोकं पाडून ती आठच्या आकड्यात ओवतात. यश येण्याची शक्यता जोब यांनी शंभरात एक सांगितली होती.

खरी कसोटी पुढे असते. नव्या जागी कंडरेला रक्तपुरवठा मिळून तिचं लिगामेंट व्हायला महिनोन् महिने लागतात; तिथे घाई चालत नाही. जॉनच्या हाताची नसही दुखावली होती, डिसेंबरात पुन्हा शस्त्रक्रिया झाली. १९७५चा अख्खा मोसम गेला. १९७६मध्ये तो परतला, १९७७मध्ये त्याने २० सामने जिंकले. त्याची भिस्त वेगावर नव्हती. फलंदाजापाशी खाली बसणारा चेंडू हे त्याचं अस्त्र होतं. १९८९मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी तो थांबला. एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे!

आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि सर्रास होते. त्यातून एक घातक समज पसरला आहे, की ती केल्याने वेग वाढतो. तसं मुळीच नाही. शिवाय सगळेच परतत नाहीत. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने फेकींवर मर्यादा घातली आहे, अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५. तिथे मुलांना बेसबॉलला घालणाऱ्या मराठी आईबापांनी ती काटेकोर पाळावी, आणि मूल कोपर दुखतो म्हणालं तर त्याच दिवशी चेंडू खाली ठेवायला लावावा.