जुनाट सांधेदुखी, कोरियन शेक आणि आपली गरम कुंडं

सेराजेम कंपनीचे जेड दगडाचे गरम रोलर असलेले कोरियन बेड आता महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी अनुभवलेत. कोरियात शेकाची परंपरा जुनी आहे. राजवैद्य हो जुन यांचा 'दोंगुई बोगाम' हा वैद्यकग्रंथ 1613 मध्ये छापला गेला, 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आला. कोरियात 'सुक' नावाच्या वनस्पतीची वाळलेली पानं जाळून ठरावीक बिंदूंवर शेक देतात. जोतिबाला वाहतो तो दवणा हिचाच भाऊबंद!

उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणं काही काळ कमी होतं. झिजलेला गुडघा मात्र भरून येत नाही, कुणी कितीही सांगो. आणि नुसता शेकच हवा असेल तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळचं उन्हाळे, तुरळ, आरवली, उन्हवरे इथं गरम पाण्याचे झरे आहेतच. घरी निर्गुडीच्या पाल्याचा शेकही आहे.

मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर चटका कळत नाही, तेव्हा शेक जपून. सांधा लाल, सुजलेला असेल तर नकोच. आणि शेकासोबत जिनसेंग ही कोरियन औषधी मुळी घ्यायचा विचार असेल, तर रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका.