हातचा एक

“आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.” हे म्हणत म्हणतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. मी मराठीचा प्राध्यापक. गणिताशी माझा संबंध उत्तरपत्रिकांवरील गुणांची बेरीज करण्यापलीकडे फारसा येत नाही. परंतु शब्दांशी रोजचीच गाठ असल्यामुळे या ‘हातचा’ शब्दापाशी मी नेहमी थबकतो. दहा सुटे जमले की त्यांचा एक गठ्ठा होतो आणि पुढल्या घरात देईपर्यंत तो हातात धरून ठेवावा लागतो, म्हणून तो हातचा. किती साधा आणि किती नेमका शब्द! मौज अशी, की हा शब्द ज्या वर्गात शिकवला जातो, त्या वर्गात मुलांना पहिली आज्ञा मिळते ती “हाताची घडी, तोंडावर बोट!” आता हातांचीच घडी घातल्यावर हातचा ठेवावा तरी कुठे?

आपल्या भाषेतली जुनी मापे पाहा. चिमूट, मूठ, ओंजळ, वीत, हात, वाव. सारी अंगावरच बाळगलेली. घरातली आजी अंगठ्याने बोटांची पेरे मोजीत असे; चार बोटांची पेरे मोजून झाली की बरोबर बारा होतात, हे तिला कोणी शाळेत शिकवले नव्हते. देह साडेतीन हातांचा, आणि साडेतीनला जुना शब्द ‘औट’. त्याचा पाढा तो औटकी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही सगळी भावंडे काही पंडितांनी बसून रचलेली नव्हेत. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, सोळा आण्यांचा रुपया अशा व्यवहारात ती रोज लागत. सकाळी पंतोजींपुढे पावकी घोकणारा वाण्याचा मुलगा संध्याकाळी बापाच्या गादीशेजारी बसून पावशेर धान्य मापीत असे. पुढे १९५७ साली दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली. व्यवहार सोपा झाला, यात शंका नाही. परंतु पाढ्यांच्या बुडाचे धान्य निघून गेले आणि नुसती घोकणी तेवढी मागे उरली.

त्यात आपली संख्यानामे म्हणजे लहान मुलांची सत्त्वपरीक्षाच. ‘सत्तावीस’ म्हणताना कानावर आधी सात पडतात, मग वीस. लिहिताना मात्र हाताने आधी दोन काढायचा, मग सात. म्हणून कितीतरी मुले सत्तावीसचे बहात्तर करून ठेवतात. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड. तिसात एक उणा, असा त्याचा सरळ अर्थ. पण सात वर्षांच्या मुलाला त्यातले ‘तीस’ तेवढे ऐकू येतात आणि ते बिनदिक्कत ३९ लिहून मोकळे होते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा ‘एकोण’ मुलांचा पाठलाग करतो आणि नव्व्याण्णवपाशी, काय मनात येते कोण जाणे, अचानक साथ सोडतो! शेजारच्या कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. चिनी आणि जपानी भाषांत अकरा म्हणजे सरळ ‘दहा-एक’. उलट जर्मन आणि डच मुले आपल्यासारखीच एक आधी म्हणून वीस मागाहून म्हणतात. तेव्हा या संकटात आपण अगदीच एकटे नाही.

वाचकांना आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले गेले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर. मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे ओझे होते, हे त्यांचे म्हणणे. भाषेची मोडतोड होते, हे विरोधकांचे. आमच्या कॉलेजातही चहाचे कप थंड होईपर्यंत वाद झाले आणि मी मराठीचा म्हणून मला न विचारताच एका बाजूला बसवण्यात आले. नॉर्वेत हाच प्रश्न १९५१ साली उभा राहिला. तिथल्या संसदेने आधी दशक म्हणण्याची पद्धत अधिकृत केली, तरी जुनी रीत लोकांच्या तोंडून काही पुरती गेली नाही. मला तर वाटते, शब्द मोडू नयेत आणि त्यांच्यापायी मुलांनाही रडवू नये. शब्दाच्या खाली काहीतरी हाताला लागेल असे ठेवावे. ते कसे ठेवतात, हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात पाहायला मिळाले.

ती पुण्यातल्या एका महानगरपालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते. गेल्या श्रावणात तीन दिवस सकाळी मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. चौतीस मुले. बाके भिंतीला सरकवलेली, मधे सतरंजी. प्रत्येक चौघांत एक डबा. डब्यात खराट्याच्या बोटभर लांबीच्या काड्या आणि दुधाच्या पिशव्यांना येतात तसली रबरे. खर्च जवळजवळ शून्य. दहा काड्या झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा, हा तिथला कायदा. मग बाई म्हणणार, “सत्तावीस!” मुलांनी गठ्ठे डाव्या हातात धरायचे आणि सुट्या काड्या उजव्या हातात. बोलताना उजव्या हाताकडून सुरुवात: सात, आणि वीस. लिहिताना डाव्या हाताकडून: दोन, आणि सात. कानाचा क्रम आणि पाटीचा क्रम वेगळा का, हे कोणी समजावून सांगत नव्हते. ते दोन हातांत दिसतच होते.

बेचाळिसातून सतरा वजा करायचे होते. चार गठ्ठे, दोन सुट्या. सात काड्या द्यायच्या कुठून? एक मुलगा बराच वेळ गठ्ठ्यांकडे पाहत राहिला. मग त्याने हळूच एका गठ्ठ्याचे रबर काढले. बारा सुट्या झाल्या, त्यांतल्या सात गेल्या, पाच राहिल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक दिला, दोन राहिले. पंचवीस! “बाई, हातचा सुटला!” तो ओरडला. चाळीस वर्षे मी हा शब्द वापरतो आहे. तो सुटताना मी प्रथमच पाहिला.

वीसेक मिनिटे बसणे झाले की बाई मुलांना उठवतात. कधी ‘शिवाजी म्हणतो’ खेळायचे: शिवाजी म्हणतो, सहा अधिक तीन उड्या! कधी लेझमीच्या ठेक्यावर एक ते तीस मोजायचे आणि तिनाच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी. व्हरांड्यात गेरूने शून्यापासून शंभरापर्यंत संख्यारेषा आखली आहे. ‘एकोण’ची सगळी मंडळी तिथे पायांनी शिकायची. बाई म्हणाल्या “एकोणतीस”, की धावत जाऊन तिसावर उभे राहायचे आणि एक पाऊल मागे. “एकोणपन्नास”, पन्नासावर जायचे, एक पाऊल मागे. संस्कृतातले ‘एक ऊन’ मी बी. ए.च्या मुलांना फळ्यावर फोड करून शिकवतो. इथे ते दुसरीतली पोरे उलट पावली चालून दाखवीत होती.

सर्वांत मला आवडला तो भागाकार. मुले गोलात धावतात, बाई मधेच ओरडतात “पाच!” आणि मुलांनी पाचपाचांचे गट करायचे. सहा गट झाले, चार मुले उरली. ती बाकी. उरलेल्यांचा चेहरा पडू नये म्हणून पुढचा आकडा त्यांनीच सांगायचा, असा नियम आहे. त्या चौघांनी आपसात बरीच खलबते केली आणि “दोन!” म्हणून आरोळी ठोकली. सतरा जोड्या, बाकी शून्य. आपल्यासारखे आता कोणीही उरू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पण तेवढ्यासाठी त्यांना चौतिसाला पुरा भाग कशाने जातो याचा शोध घ्यावा लागला.

गलका मात्र भयंकर. पलीकडच्या वर्गातल्या गुरुजींनी एकदा दारातून डोकावून पाहिले आणि काही न बोलता दार लोटून घेतले. मी बहिणीला म्हटले, “अगं, हा बाजार झाला!” ती म्हणाली, “दादा, नुसता आवाज ऐकू नकोस. काय बोलतायत ते ऐक.” ऐकले. दोन मुली भांडत होत्या: पाचाच्या गटात सहावी आली तर चालते की नाही.

हे सारे सुरळीत चालले आहे असे मात्र समजू नये. पालकांच्या सभेला मी नव्हतो; तिथली हकिगत बहिणीनेच सांगितली. एक गृहस्थ मुलाची वही उघडूनच उभे राहिले. “बाई, वही कोरी आहे. पोरगं घरी येऊन सांगतं, आज उड्या मारल्या. उड्या मारायला शाळेत कशाला पाठवायचं?” त्यांनी आणि आणखी एका पालकांनी पुढल्या वर्षी मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याचे बोलूनच दाखवले. मराठी शाळेत ही धमकी साधी नसते. पट घसरत गेला की तुकडी जाते. आणि त्या गृहस्थांचे तरी काय चुकले? गरिबाला आपल्या मुलाचे शिक्षण वहीतच दिसते. दुसरीकडे कुठे पाहावे हे त्याला दाखवायला नको का?

सभेत मागे एक भाजीवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी वर्गात पाढे खणखणीत म्हणणारी, पण एकोणतीस सांगितले की हमखास ३९ लिहिणारी. बहिणीने त्यांना विचारले, “ताई, कांदे छत्तीस रुपये किलो. अडीच किलोचे किती?” प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आले, “नव्वद. दोनाचे बहात्तर, अर्ध्याचे अठरा.” त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पुढल्या शनिवारी त्या तराजू आणि वजने घेऊन वर्गात आल्या. पाव किलोचे वजन हातोहात फिरले. दीड किलोत किती पाव, हे मुलांनी पारड्यात वजने टाकून पाहिले. कागदी नोटांनी कांदे विकत घेतले गेले आणि पैसे परत देताना वजाबाकीवरून तंटेही झाले. पावकीच्या बुडाशी पुन्हा एकदा माल आला होता. कोऱ्या वहीवाले गृहस्थ मुलाला न्यायला आले होते. ते दारात अर्धा तास उभे राहिले, असे बहीण सांगते. त्यांनी मुलाचे नाव काढले की नाही, ते जूनमध्येच कळेल.

केवळ माझ्या बहिणीचा वर्ग म्हणून हे कौतुक चालले आहे, असे वाटू नये म्हणून सांगतो. नेदरलँड्समध्ये दुसरी-तिसरीच्या ४९९ मुलांवर दोन वर्षे असा प्रयोग झाला. आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटे, उड्या मारीत आणि चालत गणित नि भाषेचे पाठ. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गणितात आणि शब्दलेखनात ही मुले बसून शिकणाऱ्यांच्या सुमारे चार महिने पुढे गेली, वाचनात मात्र फरक पडला नाही. तेव्हा वाचनासाठी आम्हा भाषेच्या मास्तरांना अजून काम शिल्लक आहे! आणि ही डच मुलेही ‘एक आणि वीस’ म्हणणारीच.

आपल्याकडेही हे नवे नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले. त्यांच्या साधनांत सुटा मणी, दहांची सळई, शंभरांचा चौरस आणि हजारांचा ठोकळा मुलांच्या हाती येत असे. ते महाग साहित्य खेड्यात कोण घेणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला बिया, पाने, शंख-शिंपले यांवर तेच काम भागवले. आज पुष्कळ शाळांत गणिताची सुंदर पेटी येते आणि मुले मोडतील म्हणून कपाटात कुलूपबंद राहते. साहेब आले की फोटोपुरती बाहेर निघते. त्यापेक्षा खराट्याची काडी शतपटीने बरी. नुसत्या काड्यांनीही भागत नाही. आधी हातात, मग तोंडात, मग चित्रात आणि शेवटी आकड्यात, अशी पायरी बहीण कटाक्षाने पाळते. काडीपाशीच थांबलेला मुलगा शंभराच्या पुढे अडतो. पाढेही ती सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. घोकलेले पाढे पुढे जन्मभर उपयोगी पडतात. फक्त घोकण्याआधी ते एकदा मोजून पाहिलेले असावेत.

ती भाजीवाल्या बाईंची मुलगी एकोणसाठला अजूनही चुकते. पण चुकली की बाकाखाली तिचा पाय एक पाऊल मागे सरकतो आणि मग ती खोडरबर शोधते.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीने मुलांना वहीतला अभ्यास दिलेला नाही. दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची आहे: पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, मग तीन, असे सातापर्यंत जायचे आणि तसेच एकापर्यंत उतरायचे. ठिपके एकूण किती, ते आधी ओळीओळीने मोजायचे; मग मान तिरकी करून पाहायचे, की सात-सातांच्या सात रांगा दिसतात का. उत्तर आकड्यातही लिहायचे आहे आणि अक्षरातही. तुमच्या घरात दुसरीतले कोणी असेल, तर त्यालाही हातात रांगोळी द्या आणि अक्षरात काय लिहितो ते पाहा.